भरायचा शेर की तोलायचा शेर?

गेल्या महिन्यात एका दुपारी वडगावची एक सूनबाई दुकानात आली. पिशवीतून स्वयंपाकघरातला काचेचा छोटा काटा काढून तिनं टेबलावर ठेवला आणि शेजारी एक डबा उघडला. डब्यात केकचा तुकडा. वरून चांगला तांबूस भाजलेला, पण बोटानं दाबला तर खळगा पडेना.

"काका, ह्यो काटा चुकीचं दाखवुलालाय. तीनदा केक केला, तिन्हीदा दगड. रविवारी बारशाची ऑर्डर हाय, आता मी काय करू?"

आमचं दुकान बेळगावात, रविवार पेठेच्या अंगाला आहे. तराजू आणि काटे विकणं, दुरुस्त करणं, तपासणीचा शिक्का मारून आणून देणं हा धंदा. आजोबांनी सुरू केला, बाबांनी चालवला, आता मी बसतो. आजोबांच्या काळी दुकानात दांड्या, साखळ्या आणि पारडी लटकलेली असायची. आता बहुतेक इलेक्ट्रॉनिक काटे असतात. तरी तक्रार तीच: तागडी खोटी आहे. बैलहोंगलकडचा शेतकरी येतो तो "तूक सरि इल्ल" म्हणतो, चंदगडचा येतो तो "काटा मारतोय" म्हणतो. अर्थ एकच.

मी कपाटातून पितळी वजनं काढली. पाचशेचं ठेवलं, काट्यानं ५०० दाखवलं. दोनशेचं ठेवलं, २००. पन्नासचं, ५०. चारी कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं, फरक नाही. काटा खरा होता.

"कृती कुठली धरलीस?"

नणंद अमेरिकेत असते, तिनं पाठवलेली. मैदा तीन कप. सूनबाई हुशार. कप म्हणजे आपला चहाचा कप नव्हे, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं मोबाईलवर शोधलं, तर एका तक्त्यात मिळालं: एक कप म्हणजे आठ औंस. दुसऱ्या तक्त्यात मिळालं: एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. तिनं वहीत गुणाकार मांडला. आठ गुणिले २८.३५ म्हणजे २२६.८. तिप्पट केले तर ६८०.४. तेवढा मैदा तिनं तोलून घातला.

मी वही पुन्हा पुन्हा पाहिली. दोन्ही तक्ते खरे, गुणाकार खरा, काटा खरा, आणि केक दगड.

ते कोडं मला सुटलं ते आजोबांमुळे. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण कुणी "एवढे शेर म्हणजे किती किलो?" असं विचारायला आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "कुठला शेर? भरायचा का तोलायचा?"

ज्यांनी शेर पाहिलाच नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे शेर दोन होते. धान्याचा शेर हे भरायचं माप. पितळी किंवा लाकडी भांडं, शिगोशीग भरून हातानं सपाट करायचं. त्याच्याखाली मापटं, चिपटं, कोळवं, त्याच्यावर पायली. दुसरा शेर तोलायचा. गूळ, तूप, मिरची, लोखंड तागडीत घालून ज्याच्यानं तोलत तो. त्याच्याखाली अच्छेर, पावशेर, छटाक; त्याच्यावर मण. नाव दोघांचं तेच. बाजारात वाढलेल्या माणसाला कुठला शेर कुठं लागतो हे सांगावं लागत नसे. बाहेरचा माणूस मात्र हमखास फसे.

मी माळ्यावरून आजोबांचं धान्याचं माप उतरवलं, पुसलं, आणि सूनबाईसमोर तांदळानं भरून तोललं. मग तेच माप चिरमुऱ्यांनी भरून तोललं. चिरमुरे तांदळाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याला पोहोचले. तिच्या ध्यानात लगेच आलं.

"म्हणजे औंस पण दोन हायत?"

आहेत. तिच्या पहिल्या तक्त्यातला औंस भरायचा होता. इंग्रजीत त्याला फ्लुइड औंस म्हणतात. अमेरिकेत तो २९.५७ मिलिलिटरचा. असे आठ म्हणजे सुमारे २३७ मिलिलिटर, हा त्यांचा कप. दुसऱ्या तक्त्यातला औंस तोलायचा, २८.३५ ग्रॅमचा. पाण्याच्या बाबतीत दोघांत फारसं अंतर पडत नाही, कारण एक फ्लुइड औंस पाणी साधारण एक औंसच भरतं. म्हणून दोघांचं नाव एक राहिलं आणि पाण्या-दुधात कुणाचं बिघडलं नाही. पण मैदा हलका, हवा धरून बसणारा. कपभर मैदा १२० ते १२५ ग्रॅम भरतो. तीन कपांना पावणेचारशेच्या आत-बाहेर. तिनं घातला होता ६८०.

तेवढ्यावर तिचं काम झालं होतं. पण ती बसली, आणि मी बोलत राहिलो, कारण या विषयावर मला बोलायला आवडतं आणि ऐकणारं माणूस रोज मिळत नाही. त्या दिवशी जे बोललो ते आणि जे राहून गेलं ते, असं दोन्ही इथं लिहितोय.

आधी तोलायच्या शेराचं. कंपनी सरकारनं १८३३ साली चांदीच्या रुपयाचं वजन १८० ग्रेन ठरवलं आणि तोळाही तेवढाच धरला. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. म्हणजे घरात ऐंशी रुपये असतील तर घरात शेराचं वजन होतं. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, विलायतेत जवाचा. आपल्याकडे हेच काम गुंजेनं केलं: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. दोन्हीकडे वजनाची सुरुवात बियांपासून झाली, हे मला फार सुंदर वाटतं.

हा ग्रेनच विलायती आणि देशी वजनांमधला पूल आहे. पौंड ७,००० ग्रेनचा, तोळा १८० ग्रेनचा. म्हणून शेर म्हणजे १४,४०० ग्रेन, पौंडात दोनाहून जरासा जास्त, २.०५७. मण म्हणजे ८२ पौंड आणि वर पावाहून थोडं अधिक. आणि १ जुलै १९५९ पासून पौंडाची गाठ किलोशी कायमची बांधली गेली. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून ठरवलं की पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो, ना कमी ना जास्त. त्याच्या आधी अमेरिकेचा पौंड आणि विलायतेचा पौंड यांत अगदी सूक्ष्म फरक होता. आज पौंड हे वेगळं माप राहिलेलंच नाही. तो किलोचा ठरवून दिलेला हिस्सा आहे. त्यावरून तोळा निघतो ११.६६३८ ग्रॅम, शेर ९३३.१ ग्रॅम, मण ३७.३२ किलो.

हे आकडे आजोबांनी पत्र्यावर रंगवून दुकानाबाहेर लावले होते. तो पत्रा अजून आहे. गंज चढलाय, पण "१ शेर – ९३३ ग्रॅम" वाचता येतं.

त्या पत्र्याची गोष्ट सीमाभागाबाहेरच्या वाचकाला नीट कळावी म्हणून थोडं मागं जातो. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला, आण्यांचे नवे पैसे झाले. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला आणि एप्रिल १९६२ पासून सक्तीचा झाला. सहा वर्षांच्या आत इथल्या माणसाचं राज्य बदललं, कचेरीतली भाषा बदलली, नाणं बदललं आणि वजन बदललं. बाबा तेव्हा दहा-बारा वर्षांचे. ते सांगायचे, बाजारात येणाऱ्या म्हाताऱ्या बायका पत्र्यासमोर उभ्या राहून आजोबांना विचारायच्या, "आता हे पण घेतलं का आमचं?"

आजोबा हिशेब करून दाखवायचे. शेराला बारा आणे भाव असेल तर किलोला किती? बारा आणे म्हणजे पंचाहत्तर नवे पैसे. किलो शेरापेक्षा मोठा, पावणेसहा तोळ्यांनी. म्हणून किलोला ऐंशी पैसे. एखादा व्यापारी पंच्याऐंशी मागत असेल तर तो काटा मारत नाही, पण हिशेब मारतोय. दांडी मारणारा दिसतो, पारड्यावर बोट ठेवलेलं दिसतं, पासंग, म्हणजे रिकाम्या पारड्यांतला फरक, पाहून काढता येतो. आकड्यातली दांडी दिसत नाही. आपल्याकडे मापात पाप म्हणतात ना, त्या पापाची ती नवी जागा होती. आजोबांनी आठवडी बाजार गाठून लोकांना तोंडी हिशेब शिकवला. एकेका बाजारात दिवस दिवस बसले. त्याचे पैसे कुणी दिले नाहीत, त्यांनी मागितले नाहीत. आमच्या घरी या गोष्टीचा मला वाटणारा अभिमान मी लपवत नाही.

ते एक गोष्ट नेहमी सांगत. जुन्या मापांत सोळाचा आकडा उगाच आला नाही. रुपयाचे आणे सोळा, शेराचे छटाक सोळा, पौंडाचे औंस सोळा. कारण तागडीला अर्धं करता येतं. एक शेर गूळ असेल तर दोन्ही पारड्यांत घालून दांडी सरळ करा, झाले दोन अच्छेर. पुन्हा तेच करा, पावशेर. चारदा केलं की छटाक. दुसरं कुठलंही वजन लागत नाही. दहाचे दोनदा अर्धे केले की अडीच येतात आणि गाडी अडते. दशमान पद्धत कागदावर सोपी, तागडीवर अवघड. म्हणून किलोची वजनं एक-दोन-पाच अशा चढणीनं केली: पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे, हजार. लोखंडी वजनांच्या संचात अडीचशेचं वजन नसतंच. आणि गिऱ्हाईक सगळ्यात जास्त मागतं ते पावकिलो! दोनशे आणि पन्नास अशी दोन वजनं टाकून द्यायचं. साठ वर्षं दुकानदारांनी तसं दिलं, गिऱ्हाइकांनी तसं घेतलं, आणि "पाव" हा शब्द हलला नाही. आमच्याकडं कन्नड गिऱ्हाईकही "पाव किलो"च म्हणतं.

आता तोळ्याचं, कारण यात घरं फुटताना मी पाहिलीत.

काही वर्षांपूर्वी शहापुरात एका सराफाकडे काट्याची तपासणी करायला गेलो होतो. खानापूर तालुक्यातल्या दोन बहिणी भावाबरोबर आल्या होत्या. आई गेलेली. आईच्या हातची दागिन्यांची वही होती. त्यात पाटल्या आठ तोळे, लग्नातल्या, साल १९५१. आणि गोठ आठ तोळे, साल १९८८, उसाच्या पैशातून केलेले. आईनं सांगून ठेवलेलं: थोरलीला पाटल्या, धाकटीला गोठ, दोघींना सारखं. तिघंही नुसतं तोलून, वहीत टिपून, वाटणी करायला आली होती.

गोठ भरले ८० ग्रॅम. पाटल्या भरल्या ९३ ग्रॅम आणि वर थोडं.

धाकटीचा चेहरा उतरला. आईनं थोरलीला जास्त दिलं आणि वहीत सारखं लिहिलं, असा तिचा अर्थ झाला. ती काही बोलली नाही, पण पदर तोंडाला लावला. भाऊ सराफाला म्हणाला, पुन्हा तोला. पुन्हा तेच. मी तपासून नुकताच शिक्का लावलेला काटा होता तो, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी वही मागून घेतली. साल वाचलं आणि समजलं. १९५१ चा तोळा ११.६६ ग्रॅमचा. आठ तोळे म्हणजे ९३.३. पाटल्या हातात झिजून ९३.१ राहिल्या होत्या. मेट्रिक आल्यावर सराफांनी व्यवहाराला सोपं म्हणून दहा ग्रॅमलाच तोळा म्हणायला सुरुवात केली. आजही भाव विचारतो तो दहा ग्रॅमचा आणि म्हणतो तोळ्याचा. म्हणून १९८८ चे आठ तोळे ८० ग्रॅम. आईनं दोन्ही वेळा सराफानं सांगितलं तेच लिहिलं. मधल्या काळात नाव तेच ठेवून तोळा बदललाय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी त्या धाकटीला हे तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा कागदावर मांडून. मग थोरलीच म्हणाली, फरकाचं सोनं दोघींत. तेरा ग्रॅमची रक्कम काढून अर्धी अर्धी केली. जाताना धाकटीनं वही छातीशी धरली होती.

सोन्याच्या बाबतीत तिसरा घोळही आहे. टीव्हीवर जगातल्या बाजाराचा भाव औंसाला सांगतात. हा औंस केकमधला नव्हे. तो ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅमचा, ४८० ग्रेनचा. किराण्याचा औंस ४३७ आणि अर्ध्या ग्रेनचा. जुना तोळा बरोबर तीन अष्टमांश ट्रॉय औंस. दहा तोळ्यांची सोन्याची लगड ११६.६४ ग्रॅमची भरते ती या हिशेबानं. जो माणूस औंसाच्या भावाला २८.३५ नं भागून घरातल्या सोन्याची किंमत काढतो, त्याचा आकडा जवळजवळ दहा टक्क्यांनी फुगतो.

कापसाची खंडी अजून चालू आहे, हे शहरातल्या लोकांना खरं वाटत नाही. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा होता, आमच्या ८२ पौंडी मणाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. वीस मणांची खंडी ५६० पौंडांची. पण कापसाची खंडी २८ मणांची, म्हणजे अठ्ठावीस अठ्ठे... थांबा, २८ गुणिले २८, ७८४ पौंड. किलोत ३५५.६२. रुईचा भाव आजही बाजारात या खंडीवर बोलला जातो. बैलहोंगलकडचा एक तरुण शेतकरी काटा घ्यायला आला होता. मोबाईलवर त्यानं खंडीचा भाव वाचला होता आणि आपल्याला क्विंटलला मिळालेला भाव त्याच्याशी जुळत नाही म्हणून संतापला होता. समजा खंडीला ५६,००० रुपये. ३.५५६२ नं भागलं की क्विंटलला १५,७४७. त्यानं एवढं केलं होतं, बरोबर केलं होतं. पण तो भाव रुईचा, सरकी काढलेल्या कापसाचा. त्यानं विकला होता सरकीसकट कापूस, ज्यातून रुई तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास निघते. त्याचा राग खोटा म्हणता येणार नाही, शेतकऱ्याला कमी भाव मिळतो हे मी रोज ऐकतो. पण ज्या आकड्यावरून तो भांडायला निघाला होता त्या आकड्यावर त्याला पहिल्या मिनिटात गप्प बसवलं असतं. योग्य आकडा घेऊन गेला तर निदान समोरच्याला उत्तर द्यावं लागेल.

टिळकवाडीतल्या एका मावशींचा फोन आला होता, नात झाली म्हणून. "साडेसात पौंडांची आहे, किलोत किती?" मी विचारलं, मेसेज वाचून दाखवा. सात पौंड पाच औंस होतं. पौंडाचे औंस सोळा, म्हणून पाच औंस म्हणजे अर्धा पौंड नव्हे, तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ३ किलो ३१७ ग्रॅम. पेढे तेवढेच गोड, पण हाच घोळ काट्याच्या पडद्यावर होतो. काही काटे पौंड-औंस दाखवताना मध्ये दोन टिंबं देतात आणि लोक ती दशांश चिन्ह म्हणून वाचतात.

औषधाच्या बाबतीत मात्र मला भीतीच वाटते. लहान मुलांची औषधं किलोच्या हिशेबानं देतात. शेजारी परदेशातून आलेला नातू तापानं फणफणला. आईला फोन लावून आजीनं वजन विचारलं, ती झोपेत "थर्टी" म्हणाली. तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलो. आजीनं दवाखान्यात तीस किलो सांगितलं. डॉक्टरांनी मुलाकडे पाहिलं आणि आधी त्याला काट्यावर उभं केलं, म्हणून निभावलं. नाही तर सव्वादोन पट औषध पोटात गेलं असतं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक आईबापाला मी हात जोडून सांगतो: आकडा सांगाल तर त्याचं नाव सोबत सांगा, आणि शक्यतो इथं मुलाचं वजन करूनच सांगा.

मोठी माणसंही यातून सुटलेली नाहीत. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ विमान ४१,००० फुटांवर असताना त्याचं इंधन संपलं. हवं होतं २२,३०० किलो. टाकीतलं इंधन मोजतात लिटरमध्ये, म्हणजे भरायचं माप, आणि विमानाला हवं असतं वजन, म्हणजे तोलायचं. मध्ये गुणायला १.७७ हा आकडा घेतला. तो लिटरमागे पौंडांचा होता, किलोचा साधारण ०.८. त्या सगळ्यांचा गुणाकारही माझ्या सूनबाईसारखा चोख होता. वैमानिकानं ते विमान घरंगळत नेऊन गिमली नावाच्या गावातल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि ६९ च्या ६९ माणसं वाचली. मी ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आजोबांचाच आवाज ऐकू आला.

रोजच्या वापरासाठी तोंडी हिशेब हवा असेल तर तो आहे. पौंडाचे किलो करायचे तर अर्धे करा आणि आलेल्यातून दहावा हिस्सा काढा. १५० पौंडांचे ७५, त्यातून साडेसात गेले, साडेसदुसष्ट. खरं उत्तर अडुसष्ट. उलट करायचं तर दुप्पट करून दहावा हिस्सा मिळवा. विमानाची बॅग, व्यायामशाळेतल्या जुन्या पौंडी थाळ्या, माणसाचं वजन, एवढ्याला हे पुरतं. सोनं आणि औषध यांना हा हिशेब लावू नका. तिथं पूर्ण आकडा घ्या.

सूनबाई उठता उठता म्हणाली, "काका, बारशाच्या लोकांनी एक पौंडाचा केक सांगितलाय. मग मी ४५४ ग्रॅमचा करू का?"

खरं तर पौंड तेवढाच. पण बेळगावात कॅम्पातल्या बेकरीपासून गल्लीतल्या केकवाल्यापर्यंत बहुतेक जण एक पौंड म्हणजे अर्धा किलो धरतात, आणि गिऱ्हाईकही तेच धरतं. तोळ्यासारखंच झालंय ते, नाव जुनं आणि वजन नवं. मी तिला सांगितलं, तू लोकांना विचार, अर्धा किलो पाहिजे ना? ते हो म्हणतील. मग डब्यावर ग्रॅम लिही. आपल्या देशात विक्रीचं वजन ग्रॅम-किलोतच लिहायचं असतं, आणि तू लिहिलेलं कुणालाही तोलून बघता येईल.

रविवारी संध्याकाळी तिचा दीर एक छोटा डबा घेऊन आला. बारशाच्या केकबरोबर माझ्यासाठी वेगळा केलेला. डब्यावर निळ्या पेनानं लिहिलेलं होतं: ५०० ग्रॅम. खाली कन्नडमध्येही तेच.

मी तो आधी काट्यावर ठेवला. डबा वजा जाता ५१२ भरला. मग कापला. सुरी सहज खाली गेली.